दुष्टपणाचं निदान करता येईल का?

एखादं भीषण प्रकरण उघडकीस आलं की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत आरोपीच्या मागे ‘विकृत’ हे विशेषण लागलेलं असतंच. संध्याकाळी वाहिनीवर एखाद्या मनोविकारतज्ज्ञांना विचारलं जातं, “डॉक्टर, अशा माणसाच्या डोक्यात नेमकं काय चाललेलं असतं?” डॉक्टरांनी त्या माणसाला तपासलेलं नसतं, पाहिलेलंही नसतं, तरी दोन मिनिटांत काहीतरी सांगावं लागतं. मग घरोघरी वाद सुरू होतो. हा आजारी आहे की हलकट? याला दवाखान्यात न्यायचं की फासावर?

पुण्यात हा वाद पन्नासएक वर्षं तरी चालू आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात शहरात दहा खून झाले. त्यातल्या आठ जणांना दोन घरांत शिरून मारलं होतं. पकडले गेले ते कला महाविद्यालयात शिकणारे तरुण. जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून तो आजही ओळखला जातो, आणि तेव्हा शहरात असलेली माणसं अजून सांगतात की दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडायचे. टोळीतला एक जण माफीचा साक्षीदार झाला, उरलेल्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा तुरुंगात फाशी झाली. त्याच येरवड्यात मनोरुग्णालयही आहे. या तरुणांची जागा दोनपैकी कोणत्या फाटकाआड, याबद्दल न्यायालयाला शंका वाटली नाही. लोकांना मात्र अजून वाटते, कारण ‘शहाण्या माणसाने असं केलं’ हे पचवणं जड जातं.

मग मानसशास्त्राने सरळ ‘दुष्टपणा’ हा एक विकार म्हणून मान्य करून टाकला तर? काही अभ्यासकांनी हे गंभीरपणे सुचवलंही आहे. माझं मत तसं करू नये असं आहे. पण ते सांगण्याआधी थोडी पायाभरणी करायला हवी.

निदान म्हणजे नेमकं काय

मधुमेहासाठी रक्त तपासतात, हाड मोडलं तर एक्स-रे काढतात. बहुतेक मनोविकारांना अशी चाचणी नाही. तिथे लक्षणांचा समूह पाहतात: विचार, भावना किंवा वागणूक यांत ठळक बिघाड आहे का, तो किती काळ टिकला आहे, त्यामुळे माणसाला त्रास होतो का किंवा त्याचं रोजचं जगणं अडतं का. हे समूह दोन ग्रंथांत नोंदवलेले असतात. एक अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा ‘डीएसएम’, दुसरा जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आयसीडी’. भारतातले डॉक्टर दोन्ही वापरतात.

डीएसएममधल्या व्याख्येत एक अट फार महत्त्वाची आहे. एखाद्याचं वागणं समाजाला खटकतं किंवा समाजाशी त्याचा संघर्ष आहे, एवढ्यावर त्याला विकार म्हणायचं नाही. त्या वागण्यामागे त्या माणसाच्या आतल्या यंत्रणेत बिघाड असायला हवा. गॅरेजमधला मेकॅनिक ब्रेक निकामी झाले होते की नाही, हे सांगू शकतो. ब्रेक शाबूत असताना चालकाने ते दाबलेच नाहीत, तर पुढचं काम वाहतूक पोलिसांचं. मेकॅनिकने कितीही बारकाईने गाडी उघडली, तरी ‘सिग्नल तोडणं’ नावाचा सुटा भाग त्याला सापडणार नाही.

दुष्टपणाच्या आसपास फिरणारी निदानं

सगळ्यात जवळचं निदान म्हणजे ‘समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार’. व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे आजारपणासारखा मध्येच येऊन जाणारा नव्हे, तर तरुणपणापासून स्वभावातच मुरलेला बिघाड. या विकारात सात निकषांपैकी किमान तीन लागतात: वारंवार कायदा मोडणं, खोटं बोलणं, भांडकुदळपणा, बेजबाबदारपणा, पश्चात्ताप नसणं वगैरे. शिवाय वय अठरा पूर्ण हवं आणि पंधराव्या वर्षाआधीपासून खुणा दिसलेल्या हव्यात.

या निदानात एक गोम आहे. बारा देशांतल्या तुरुंगांमधल्या पाहण्या एकत्र करून २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कैदी पुरुषांपैकी ४७ टक्के या निकषांत बसले. आता निकषांतच ‘कायदा मोडतो’ असेल तर तुरुंगात निम्मे निघतील, यात नवल कसलं? हा माणूस गुन्हे का करतो? तर त्याला विकार आहे. विकार आहे कशावरून? तर तो गुन्हे करतो. या गोल चकरीने वर्णन मिळतं, कारण मिळत नाही.

सायकोपॅथी ही त्याहून खोल कल्पना. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हर्वे क्लेकली यांनी १९४१ साली तिचं सविस्तर चित्र मांडलं: वरवर मोहक, बोलण्यात चतुर, आत मात्र अपराधभाव नाही, दुसऱ्याचं दुःख भिडत नाही. पुढे कॅनडाचे रॉबर्ट हेअर यांनी वीस मुद्द्यांची एक तपासणी-यादी बनवली. प्रत्येक मुद्द्याला शून्य ते दोन गुण, कमाल चाळीस. उत्तर अमेरिकेत तीस किंवा जास्त गुण मिळाले तर सायकोपॅथ म्हणतात. समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती पाहून सामान्य माणसाच्या मेंदूत जी हालचाल होते, ती अशा अनेक लोकांत मंद असते असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे इथे खरोखरच काहीतरी उणं आहे. तरीही डीएसएममध्ये सायकोपॅथी हे स्वतंत्र निदान नाही. आणि ही उणीव असलेले सगळे खून पाडत फिरत नाहीत, तसंच खून करणारे बहुतेक लोक सायकोपॅथ नसतात. मालिका पाहून आपली समजूत उलटी झालेली असते, एवढंच.

फारसं कुणाला माहीत नसलेली एक गोष्ट म्हणजे, दुष्टपणाच्या अगदी उंबरठ्यावरचं एक निदान डीएसएममध्ये येऊन गेलं आहे. दुसऱ्याला यातना देण्यात रस घेणाऱ्यांसाठी ‘परपीडक व्यक्तिमत्त्व विकार’ हे नाव १९८७ च्या आवृत्तीत परिशिष्टात घातलं होतं, आणखी अभ्यास व्हावा म्हणून. १९९४ च्या आवृत्तीतून ते वगळलं गेलं. संशोधन तोकडं होतं, इतर विकारांशी सरमिसळ होत होती, आणि बायकोला मारणाऱ्याच्या वकिलाला आयती सबब मिळेल ही भीतीही बोलून दाखवली गेली होती. माझ्या मते ती भीती सगळ्यात शहाणपणाची होती.

थेट ‘दुष्ट’ म्हणायला काय हरकत आहे?

एम. स्कॉट पेक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९८३ साली हेच म्हटलं: दुष्टपणा हा आत्ममग्नतेच्या विकाराचा एक प्रकार आहे, त्याला नाव द्या, त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करा. त्यांच्याच देशातले मनोविकारतज्ज्ञ मायकेल स्टोन यांनी खुनांची बावीस पायऱ्यांची एक उतरंड तयार केली, स्वसंरक्षणापासून ते छळासाठीच केलेल्या खुनापर्यंत. इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन नेमकं उलट सांगतात: ‘दुष्ट’ म्हणणं सोडा, कारण त्याने काहीच उलगडत नाही, समानुभूती, म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याची शक्ती, किती आटली आहे ते मोजा.

तिघांत मला शेवटचं मत जास्त पटतं, पण तेही पुरतं नाही. म्हाताऱ्या माणसाला गोड बोलून आयुष्यभराची पुंजी लुबाडणाऱ्याला समोरच्याच्या मनात काय चाललंय हे उत्तम कळत असतं. त्या कळण्यावरच तर त्याचा धंदा चालतो.

मेंदूत गाठ निघाली तर?

ही शंका रास्त आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात चाळिशीतला एक शिक्षक अचानक लहान मुलांबद्दल लैंगिक विकृतीने वागू लागला. आधी असं काही नव्हतं. डोकेदुखी वाढली म्हणून तपासलं, तर मेंदूच्या पुढच्या भागात, डोळ्यांच्या खोबणीच्या वर, मोठी गाठ निघाली. गाठ काढल्यावर ती वासना गेली. काही महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढू लागली, तेव्हा तपासलं तर गाठ पुन्हा वाढलेली. हे प्रकरण २००३ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. इथे ब्रेकच तुटले होते, यात वाद नाही.

पण इथे पटण्याचं कारण पाहा. आधी नव्हतं, गाठीबरोबर आलं, गाठीबरोबर गेलं, गाठीबरोबर परतलं. एवढा स्वच्छ माग फार क्वचित मिळतो. बाकीच्या ठिकाणी मेंदूचं रंगीत चित्र दाखवून ‘हा बघा दोष’ म्हणणं म्हणजे अंधारात तीर.

आणि रंगीत चित्रांना आपण किती लवकर भुलतो, याचा दाखला पुण्यातच आहे. २००८ साली इथल्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खटल्यात मेंदूतल्या विद्युत लहरींच्या चाचणीचा आधार घेऊन आरोपींना दोषी ठरवलं. गुन्ह्याची ‘अनुभवाची आठवण’ मेंदूत सापडते, असा त्या चाचणीचा दावा होता. जगभर त्याची चर्चा झाली, बहुतेक शास्त्रज्ञांनी कपाळाला हात लावला. पुढे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा चाचण्या आणि नार्को कुणावरही सक्तीने करता येणार नाहीत.

दारूचं व्यसन आजार, मग हे का नाही?

सगळ्यात जोरदार आक्षेप हाच आहे. पन्नास वर्षांपूर्वी दारुड्याला आपण दुर्गुणी म्हणायचो. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी येरवड्याला मुक्तांगण सुरू केलं, आणि पुण्यातल्या दोन पिढ्या ‘व्यसन हा आजार आहे’ हे शिकल्या. मग नैतिक दोषाचं आजारात रूपांतर एकदा होऊ शकतं, तर दुसऱ्यांदा का नाही?

कारण व्यसनाच्या बाबतीत तीन गोष्टी हाती होत्या. शरीरात काय होतं ते कळत होतं: नशेला सरावलेला मेंदू, ती सुटताना होणारी थरथर, तगमग. व्यसनी माणूस स्वतः पोळलेला असतो आणि निदान काही क्षणी तरी त्याला सुटायचं असतं. आणि उपचाराने, समूहाच्या आधाराने माणसं बरी होताना दिसतात. दुष्टपणाकडे यातलं काय आहे? ठरावीक यंत्रणा नाही. ‘डॉक्टर, माझ्यातला दुष्टपणा वाढलाय हो’ म्हणत कुणी केसपेपर काढत नाही. उपचार म्हणाल तर नेमके कशावर?

शिवाय हेही लक्षात ठेवायला हवं की व्यसनाला आजार म्हटल्याने दारू पिऊन गाडी घालणाऱ्याचा गुन्हा माफ झालेला नाही. स्वतःहून नशा केली असेल तर कायदा ती सबब ऐकत नाही.

आजार म्हटलं की शिक्षा टळते का?

बहुतेकांची खरी भीती ही असते. आपला कायदा मात्र निदानाच्या नावाकडे बघत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुन्या दंड संहितेचं ८४, एवढंच विचारतं: ते कृत्य करताना, मनाच्या विकलतेमुळे, आपण काय करतोय किंवा ते चुकीचं वा बेकायदा आहे हे कळण्याची क्षमता त्या माणसाला होती का? शेजारी राक्षस आहे अशा पक्क्या भ्रमातून हल्ला करणारा या कलमाखाली सुटू शकतो. सायकोपॅथ सहसा सुटत नाही, कारण हे चुकीचं आहे हे त्याला नीट ठाऊक असतं. त्याला फिकीर नसते, ही वेगळी गोष्ट. या कसोटीचं मूळ इंग्लंडमधल्या १८४३ सालच्या मॅकनॉटन खटल्यात आहे.

अल्पवयीनांच्या कायद्यातही असंच आहे. कल्याणीनगरच्या २०२४ मधल्या अपघातानंतर गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवावा अशी मागणी पोलिसांनी केली, आणि ‘प्राथमिक मूल्यांकन’ ही भानगड पुण्यात घरोघरी पोचली. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळ मानसशास्त्रज्ञांची मदत घेऊ शकतं. पण त्यांना विचारायचं असतं ते मुलाची क्षमता किती, परिणामांची समज किती, परिस्थिती काय होती. मुलगा दुष्ट आहे का, हा प्रश्न त्या यादीत नाही.

निदानाने शिक्षा कमी होते की वाढते, यावर २०१२ सालचा एक अमेरिकन अभ्यास मजेशीर आहे. १८१ न्यायाधीशांना एक काल्पनिक खटला दिला, आरोपी सायकोपॅथ. त्यातल्या काहींना सोबत मेंदूची जैविक कारणमीमांसाही दिली. ती वाचलेल्यांनी सरासरी जेमतेम चौदा वर्षांऐवजी तेरा वर्षांच्या आसपास शिक्षा सुचवली. म्हणजे एखाद्या वर्षाची सूट. आणि सायकोपॅथ असणं हेच मुळात गुन्हा गंभीर करणारं आहे, असं त्यांचं एकूण म्हणणं.

मला चिंता वाटते ती सुटण्याची नाही, अडकवून ठेवण्याची. शिक्षेला मुदत असते. आजाराला नसते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याने कायदा केला की लैंगिक गुन्हेगार ‘मानसिक विकृती’मुळे पुन्हा गुन्हा करील असं वाटलं तर शिक्षा भोगून झाल्यावरही त्याला कोंडून ठेवता येईल. १९९७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो वैध ठरवला. इंग्लंडमध्येही १९९९ पासून ‘धोकादायक आणि तीव्र व्यक्तिमत्त्व विकार’ असं नाव रचून तुरुंगांत आणि सुरक्षित रुग्णालयांत खास विभाग काढले. हे नाव कुठल्याही वैद्यकीय ग्रंथात नव्हतं, ते सरकारने घडवलं होतं. २०१० नंतर योजना गुंडाळली गेली. ज्याचा गुन्हा भयंकर आहे त्याच्याबद्दल कळवळा येणं अवघड आहे, मान्य. पण ‘पुढे करील’ या अंदाजावर डॉक्टरच्या सहीने माणूस आत ठेवायचा, ही किल्ली एकदा बनली की कुठल्या कुठल्या कुलपाला लावली जाईल याचा नेम नाही.

निदान करणारा कोण?

याचा इतिहास काही चांगला नाही. १८५१ साली अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने मालकापासून पळून जाणाऱ्या गुलामांना एक ‘मानसिक आजार’ जडवून दिला. सोव्हिएत रशियात सरकारविरोधी बोलणाऱ्यांना ‘संथ गतीचा स्किझोफ्रेनिया’ ठरवून रुग्णालयात डांबलं जायचं. समलैंगिकता १९७३ पर्यंत डीएसएममध्ये विकार म्हणून होती. प्रत्येक वेळी डॉक्टरांना आपण विज्ञानच करतोय असं वाटत होतं.

म्हणूनच आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातलं तिसरं कलम मला फार मोलाचं वाटतं. समाजात रूढ असलेली नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा राजकीय मूल्यं अथवा धार्मिक श्रद्धा एखादा पाळत नाही, एवढ्या कारणावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे. ‘दुष्टपणा’ हे निदान आणायचं तर आधी हे कलम फोडावं लागेल.

यात भरडले जातात ते खरे रुग्ण. स्किझोफ्रेनिया असलेले लोक हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता जास्त असते. तरी प्रत्येक ‘विकृत’ बातमीनंतर भाड्याने खोली मिळणं अवघड होतं ते त्यांनाच.

एकटा माणूस नसेल तेव्हा

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत जमावाने एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारून टाकलं. आई, मुलगी, दोन मुलगे. त्या जमावाचं निदान काय करणार? इतक्या जणांच्या मेंदूत एकाच संध्याकाळी एकच बिघाड झाला? तिथे काय घडलं ते समजून घ्यायचं तर जात, जमीन, पोलिसांत दिलेली साक्ष आणि गावातली सत्ता यांकडे बघावं लागतं. मेंदूचं चित्र काढून यातलं काहीच दिसत नाही. उलट ‘विकृत होते हो ते’ म्हटलं की या सगळ्या प्रश्नांवर पडदा पडतो आणि आपण उरलेले सगळे निरोगी ठरतो. सोयीचं आहे खरं.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी नेत्यांना तपासणाऱ्या दोघांतही यावरून मतभेद झाले होते. मानसशास्त्रज्ञ गुस्ताव गिल्बर्ट यांना त्यांच्यात विकृती दिसली. मनोविकारतज्ज्ञ डग्लस केली म्हणाले, ही वेडी माणसं नाहीत, अशी माणसं कुठेही सापडतील. पुढे स्टॅनली मिलग्राम यांनी येल विद्यापीठात प्रयोग केला: अधिकारी व्यक्ती सांगते म्हणून साधी माणसं दुसऱ्याला विजेचे झटके देत राहतील का? त्यांच्या पहिल्या प्रसिद्ध प्रयोगात चाळीसपैकी सव्वीस जणांनी शेवटचं, ४५० व्होल्टचं बटण दाबलं. झटके खोटे होते, ते काहींनी ओळखलं असावं, प्रयोगाच्या पद्धतीवरही बरीच टीका झाली. पण तिथे बसलेले लोक निवडून आणलेले खुनशी नव्हते.

आणि मूलच तसं वागत असेल तर?

हा प्रश्न आईवडील दबक्या आवाजात विचारतात. मुलगा कुत्र्याच्या पिलांना छळतो, धाकट्या बहिणीला चटके देतो, रागावलं तर चेहऱ्यावर काही हलत नाही. मनोविकारशास्त्रात याला ‘वर्तन विकार’ म्हणतात, आणि अपराधभाव किंवा समानुभूती कमी असेल तर तशी वेगळी नोंद करतात. समाजविघातक व्यक्तिमत्त्व हे निदान अठराच्या आत मुद्दामच करत नाहीत, कारण अशी निम्म्याहून अधिक मुलं मोठी होऊन त्या वाटेला जात नाहीत.

या मुलांवर काम होऊ शकतं. नुसत्या शिक्षेचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. मार तर उलटतोच. चांगल्या वागण्याची लगेच दखल घेणं, घरातले नियम थोडे पण ठाम ठेवणं, आणि हे कसं करायचं याचं प्रशिक्षण मुलाआधी आईवडिलांनी घेणं, याचा उपयोग होतो असं दिसलं आहे. लवकर सुरुवात केली तर जास्त. शाळेतले समुपदेशक, बालमनोविकारतज्ज्ञ किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक, यांपैकी कुठूनही सुरुवात करता येते, आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना मुलाने काय केलं, कधी केलं, त्याआधी घरात काय झालं होतं, हे कागदावर लिहून न्या. ‘हा जन्मतःच असा आहे’ हे वाक्य मात्र त्याच्यासमोर बोलू नका.